आडवं यंत्र

सावळीराम देवऱ्यांना निरोपसमारंभात जी भेट मिळाली, ती त्यांनी सिडकोतल्या घरी आणली ती मुळात परत करण्यासाठीच. त्याच संध्याकाळी परत केली असती, तर देवऱ्यांनी रागाच्या भरात केली असं लोक म्हणाले असते. आणि आपल्याला कोणी रागीट म्हटलं की सावळीरामांना फार राग यायचा.

अंबडच्या ज्या कारखान्यात मोटारींचे सुटे भाग होतात, तिथे ते तपासनीस होते. गेटाबाहेर पडणारा प्रत्येक नग आधी त्यांच्या टेबलावरून जायचा. केसाएवढा फरक त्यांना नुसत्या बोटाला कळायचा, आणि तो कळला की त्यांचा आवाज कँटीनमध्ये ऐकू यायचा. मग दोन हजार तीन साली कारखान्यात मोजमापाचं संगणकवालं यंत्र आलं, यंत्रामागून वडनेरे नावाचे तरुण मॅनेजर आले आणि वडनेऱ्यांमागून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. 'स्वेच्छा' या शब्दावर सावळीराम अर्धा तास बोलत. ते इथे देण्यासारखं नाही.

समारंभात बाकीच्यांना भिंतीवरची घड्याळं मिळाली. सावळीरामांच्या हातात एक जड लाकडी पेटी आली. वडनेरे माईकमधून म्हणाले, "आमच्या अँटिक पीसला आमच्याकडून एक अँटिक पीस." हॉल हसला. ज्यांचा माल सावळीरामांनी आयुष्यभर नापास केला होता ते जरा जास्तच वेळ हसले. सावळीरामांनी गळ्यातला हार काढला नाही, चहा घेतला नाही, पेटी स्कूटरच्या पुढ्यात ठेवली आणि हारासकट घरी आले. वाटेत सिग्नलला एका रिक्षावाल्याने "साहेब, लग्न का?" असं विचारलं. हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही.

बायको, ज्योत्स्नाबाई, महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. चाळीस-चाळीस पोरांचा दंगा ऐकून त्यांचा स्वभाव इतका थंड झाला होता, की नवऱ्याचा राग त्यांना पंख्याच्या आवाजासारखा वाटे. चालू असला तर चालू असतो. त्यांनी पेटी उघडली. आत जुनं मखमली अस्तर होतं. त्यात पितळेची हातभर लांबीची नळी होती. नळी एका खांबावर बसवायची होती, पण उभी नाही, आडवी. शिवाय खाली खणात छोटे आरसे, चिमटे, काचेच्या चकत्या, बारीक स्क्रू, आणि पांढऱ्या गुळगुळीत पट्ट्या. पट्ट्यांना ओळीने गोल भोकं होती आणि भोकांत अभ्रकाच्या दोन चकत्यांमध्ये काहीतरी बारीक, काळं काळं दाबून ठेवलेलं.

सावळीरामांचा राग दोन मजली होता. पहिला मजला शुद्ध मराठीत, 'आपण' आणि 'महोदय' लावून. तो ओलांडला की ते थेट देवळ्याला, जन्मगावी जाऊन पोचत आणि अहिराणीत बोलत.

"हाई काय शे?" ते म्हणाले.

ज्योत्स्नाबाईंनी झाकणाच्या आतलं इंग्रजी वाचलं. "रिफ्लेक्टिंग मायक्रोस्कोप. आरशाचं सूक्ष्मदर्शक. दीडशे वर्षांच्या वर जुनं दिसतंय. आमच्या शाळेत आहे ते उभं असतं, भिंगाचं. त्यात आम्ही पोरांना कांद्याचा पापुद्रा दाखवतो."

सावळीरामांनी यंत्र जोडलं आणि नळीच्या टोकाला डोळा लावला. काळोख. दुसऱ्या टोकाला लावला, तर तिथे पितळी बूच. पुन्हा पहिल्या टोकाला लावला. तसाच काळोख.

"म्हणजे बंद पडलेलं दिलं," ते म्हणाले. "भंगार. उद्या जातो आणि त्याच्या टेबलावर आपटतो."

"आपटा," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "फक्त लोक म्हणतील, देवऱ्यांना ते चालवताच आलं नाही."

सावळीराम गप्प बसले. रागीट माणूस गप्प बसला की घरातल्यांनी भांडी आवरून घ्यावीत, असा त्या घरातला अनुभव होता. थोड्या वेळाने त्यांचा निर्णय झाला. यंत्र आधी चालू करायचं. मग वडनेऱ्यांपुढे ठेवायचं आणि म्हणायचं, 'हे चालतं. तुम्हाला चालवता येत नाही. ठेवून घ्या.' हे वाक्य त्यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं. शेवटी 'ठेवून घ्या' बरं की 'घाला चुलीत' बरं, एवढंच ठरायचं होतं.

इथे शेजारचे भिमाजी गांगुर्डे आले. भिमाजी सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. कोणतीही वस्तू दिसली की तिला लागू पडणारा नियम त्यांना आपोआप आठवे. कॉलनीत कोणी कुंडी ठेवली तरी ते विचारत, "परवानगी आहे ना?" आणि माणूस मनापासून चांगला असल्यामुळे त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

भिमाजींनी यंत्राला प्रदक्षिणा घातली. "देवरे, ही दुर्बीण आहे. झाकण काढायचं राहिलंय, म्हणून अंधार." आणि सावळीराम 'थांबा' म्हणेपर्यंत त्यांनी टोकाचं पितळी बूच फिरवून काढलं. बुचाच्या आत रुपयाएवढा, खोलगट, धातूचा आरसा बसवलेला होता. जुना, तपकिरी पडलेला. नळीतून आता आरपार दिसायला लागलं. आरपार म्हणजे समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायला लागलं. जेवढं नुसत्या डोळ्यांना दिसत होतं तेवढंच.

"बघा," भिमाजी म्हणाले. "चालू झालं."

सावळीरामांनी त्यांना कसंबसं चहा पाजून बाहेर काढलं. तेवढ्या वेळात ते बूच ओट्यावर राहिलं आणि भांड्याला कलाबाई आल्या. कलाबाईंच्या हाताखालून काळं भांडं काळं म्हणून जात नसे. त्यांनी चिंच आणि राख घेतली आणि त्या आरशाला असं घासलं, असं घासलं, की आरसा विकत घेणाऱ्यालाही ओळखू आला नसता.

"केवढं काळं झालं होतं भाऊ," त्या कौतुकाने म्हणाल्या. "कुठली वाटी आहे ही? हिंगाची का?"

आरशावर आता ओरखड्यांची रांगोळी होती. सावळीरामांचा चेहरा लाल झाला. ज्योत्स्नाबाई अत्यंत शांतपणे म्हणाल्या, "कलाबाई काम सोडून गेल्या, तर भांडी तुम्ही घासणार आहात." तेव्हा सावळीराम गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीला सगळं सुनावून आले. त्या दिवशी टाकी भरलेली होती, त्यामुळे आवाज घुमला नाही. त्याचाही त्यांना राग आला.

पेटीच्या खालच्या खणात त्याच घडणीची आणखी दोन बुचं निघाली, म्हणून पुढचं सगळं घडलं. नाहीतर ही गोष्ट इथे आटोपली असती आणि सगळे सुखात राहिले असते.

यंत्राला ऊन हवं, एवढं आता सावळीरामांच्या लक्षात आलं होतं. सकाळचं ऊन त्यांच्याकडे फक्त पुढच्या गॅलरीत यायचं. त्यांनी तिथे स्टूल मांडलं, यंत्र ठेवलं, कांद्याचा पापुद्रा काचेवर घेतला आणि तो नळीपुढे कधी इकडे धरून, कधी तिकडे धरून ते डोळा लावून बसू लागले. अडचण एवढीच, की यंत्र आडवं असल्यामुळे नळीचं तोंड समोरच्या घराच्या स्वयंपाकघराकडे व्हायचं. ते स्वयंपाकघर नवसाबाईंचं होतं.

नवसाबाई बचत गटाच्या अध्यक्ष होत्या. त्या थेट ज्योत्स्नाबाईंकडे आल्या. "मॅडम, तुमच्या मिस्टरांना सांगा. रिटायर झाले म्हणून काय दुर्बीण लावून बसायचं?"

सावळीराम गॅलरीतून उठून आत आले. "बाई, मी कांदा बघतोय."

"माझ्याच घरातला दिसतो का तुम्हाला कांदा?"

"ही दुर्बीण नाही. हे सूक्ष्मदर्शक आहे. यातून लांबचं दिसत नाही."

"मग जवळचं दिसतं?"

"जवळचंही दिसत नाही," सावळीराम ओरडले. "काहीच दिसत नाही. तीच तर तक्रार आहे."

आता हे वाक्य शेजारणीला ऐकवण्यासारखं नव्हतं. नवसाबाईंनी 'काहीच दिसत नाही ही तक्रार' तेवढी उचलली आणि कॉलनीभर नेली. त्यांच्या खिडकीला सोलापुरी चादर लागली. सावळीरामांनी दुसऱ्या दिवशी यंत्र फिरवलं आणि समोरच्या घराकडे पाठ करून बसले. यंत्राला आरसे आहेत ही बातमी तोवर पसरली होती. संध्याकाळी निरोप आला, की आता पाठ फिरवून आरशातून बघतात. ज्या माणसाने सत्तावीस वर्षं दुसऱ्याचे दोष शोधले, पण कोणाच्या डब्यात काय आहे हेही कधी वळून पाहिलं नाही, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ज्योत्स्नाबाईंनी ताट झाकून ठेवलं, आणि तासाभराने ते जेवले.

मधल्या काळात भिमाजींना झोप नव्हती. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना कायदा लागू होतो हे त्यांना आठवलं होतं. "देवरे, नोंद करून घ्या. उद्या वडनेरेच म्हणाले, तुमच्याकडे बेकायदा पुराणवस्तू आहे, मग?" वडनेऱ्यांचं नाव निघालं की सावळीराम कुठेही जायला तयार होत. दोघं पेटी घेऊन पुराणवस्तूंच्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने यंत्र पाहिलं आणि विचारलं, "मूर्ती आहे का?" नाही म्हटल्यावर त्याने सांगितलं, की मग आमचा संबंध नाही. सुटलो म्हणून पेटी बंद करणार, तोच त्याची नजर पांढऱ्या पट्ट्यांवर गेली.

"हे हस्तिदंत दिसतंय," तो म्हणाला. "हे जंगलखात्याचं."

भिमाजींनी कपाळाला हात लावला. "वन्यजीव कायदा. माझ्या ध्यानातच आलं नाही."

दुसरा कोणी असता तर त्याने पट्ट्या कपाटात टाकून तोंड मिटलं असतं. पण सावळीरामांनी नापास नग कधी टेबलाखाली ढकलला नव्हता. ते भिमाजींना घेऊन स्वतःच्या पायांनी जंगलखात्याच्या कार्यालयात गेले आणि टेबलावर पट्ट्या ठेवून म्हणाले, "हे हस्तिदंत आहे. काय करायचं ते सांगा."

असा माणूस त्या कार्यालयात पूर्वी आला नसावा. साहेबांनी दार लावायला सांगितलं.

"हत्ती कुठला?"

"मला माहीत नाही."

"कधी मेला?"

"मला कळवलं नाही," सावळीराम म्हणाले. राग पहिल्या मजल्याच्या जिन्यावर आला होता.

नाथा नावाचे सुरगाण्याकडचे वनरक्षक पंचनामा लिहायला बसले. सरळ माणूस. त्यांनी एक पट्टी उजेडात धरली आणि त्यांचा हात थांबला.

"साहेब, ह्याच्यात पिसू हाय."

"काय?"

"पिसू. लय जुनी. लिहायची का?"

साहेबांनी पट्टी हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. "जे असेल ते लिहा."

"पिसू, एक," नाथांनी लिहिलं. मग जरा विचार करून म्हणाले, "मेलेली लिहू ना?"

"दीडशे वर्षांपूर्वी मेलीय ती," सावळीराम म्हणाले. "तिच्या मरणाशी माझा काही संबंध नाही, हेही लिहा."

दुसऱ्या पट्टीत माशीचा पाय निघाला, तिसरीत पतंगाच्या पंखाचा तुकडा. पिसू कुठल्या अनुसूचीत येते यावर साहेब आणि भिमाजी यांच्यात बराच वेळ चर्चा झाली; भिमाजींना इतकं आनंदात सावळीरामांनी कधी पाहिलं नव्हतं. अखेर पट्ट्या जप्त झाल्या आणि सावळीरामांना लेखी समज मिळाली, की चौकशी संपेपर्यंत सदर यंत्र कोणालाही विकायचं, द्यायचं किंवा हस्तांतरित करायचं नाही.

"चौकशी कधी संपेल?"

"पट्ट्या डेहराडूनला जातील तपासायला," साहेब म्हणाले. पुढे त्यांनी काही सांगितलं नाही, आणि सावळीरामांनीही विचारलं नाही.

स्कूटरवर मागे बसून भिमाजी म्हणाले, "निदान आता सगळं नियमानुसार झालं." सावळीरामांनी गाडी शालिमारच्या चौकात थांबवली आणि उरलेला रस्ता चालत जाण्याची त्यांना विनंती केली. विनंती अहिराणीत होती.

रागाचा एक फायदा मात्र आहे, माणूस कंटाळत नाही. शांत माणसाने ती पेटी माळ्यावर टाकली असती. सावळीराम दुसऱ्या सकाळी गॅलरीत मांडी घालून बसले आणि यंत्राकडे पहिल्यांदाच तपासनीस म्हणून बघू लागले. वडनेऱ्यांची भेट म्हणून नाही, अपमान म्हणून नाही. नुसता एक नग म्हणून. त्यांनी पातळ कागदाची पट्टी कापली आणि उजेड कुठून कुठे जातो ते पट्टी सरकवत शोधायला लागले. तेव्हा नळीच्या पोटाला, खालच्या अंगाला, एक बारीक भोक सापडलं. त्या भोकाखाली खांबाला एक छोटं फळकूट होतं, आणि त्याच्याही खाली फिरणारा आरसा. म्हणजे वस्तू नळीपुढे ठेवायचीच नव्हती. ती ठेवायची पोटाखाली. उजेड खालून येणार, वस्तूतून वर चढणार, पोटाच्या भोकातून आत शिरणार, आतल्या तिरक्या आरशावर आपटून पार पलीकडच्या बुचातल्या खोलगट आरशावर जाणार आणि तिथून मागे फिरून डोळ्यात येणार. सावळीरामांच्या मनात आलं, सरकारी कागदही इतका हिंडत नाही.

त्यांनी नवं बूच बसवलं, पापुद्रा फळकुटावर ठेवला, खालचा आरसा उन्हाला धरला, स्क्रू हळूहळू फिरवला आणि डोळा लावला.

भिंत दिसली. विटांची, लांबट विटांची, एकावर एक नीट रचलेली पारदर्शक भिंत. प्रत्येक विटेत एक ठिपका. एक वीट वाकडी नाही, एक सांधा फुगलेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असा माल दिसला ज्यात नापास करायला काही नव्हतं.

आणि त्यांना भयंकर राग आला. देवळ्याच्या कांद्याच्या वावरात त्यांचं बालपण गेलं होतं. कांदा पेरला होता, काढला होता, भरला होता, बाजारात नेऊन मातीमोल विकला होता. वडील मेले ते कांदा साठवायच्या चाळीला टेकून बसलेले असताना. आणि कांद्याच्या आत हे बांधकाम आहे, हे कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"ज्योत्स्ना," ते ओरडले. "हे तुला माहीत होतं?"

ज्योत्स्नाबाईंनी येऊन डोळा लावला. "पेशी आहेत. पुस्तकात चित्र आहे की."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" त्या म्हणाल्या, पण डोळा त्यांनी लगेच काढला नाही. "आमच्या शाळेतल्यात इतकं स्वच्छ नाही दिसत."

त्या आठवड्यात सावळीरामांनी मीठ पाहिलं, साखर पाहिली, हळद पाहिली, स्वतःच्या मिशीचा केस पाहिला. नवसाबाईंना बोलावून घेतलं आणि यंत्रापुढे बसवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या न्हाणीतल्या फरशा अशा बसवून पाहिजे होत्या." चादर उतरली. कलाबाईंनी राखेचा कण पाहिला आणि त्यानंतर त्या राखेला जरा मानाने वागवू लागल्या, असं ज्योत्स्नाबाईंचं मत आहे. भिमाजींना काही दिसलं की नाही ते कळलं नाही, कारण ते डोळा लावूनही बोलतच होते.

यंत्र चालू झालं होतं. वाक्यही तयार होतं. पण ते परत करायला जायचा मुहूर्त काही लागेना.

"आज जाणार होतात ना?" ज्योत्स्नाबाई विचारत.

"गुरुवारी तो बाहेर असतो."

"आज शुक्रवार आहे."

"शुक्रवारी त्याची मीटिंग असते," सावळीराम चिडून म्हणत आणि गॅलरीत जाऊन बसत.

मग एका रविवारी वडनेरे स्वतःच आले. हातात मिठाईचा पुडा होता आणि तोंडात 'सर' होतं. कारखान्यात ते 'देवरे' म्हणत, आज सर. सावळीरामांनी तेवढ्यावरून ओळखलं, की मालात खोट आहे. भिमाजी गाडी पाहून आधीच येऊन बसले होते.

"सर, एक छोटीशी चूक झाली," वडनेरे म्हणाले. "ती पेटी चुकून तुमच्याकडे आली. मुंबईचे एक जाणकार आले होते, ते म्हणाले अशी यंत्रं फार थोडी उरलीत. धाकट्या साहेबांना ती घरात हवी आहे. तुम्हाला आम्ही छान घड्याळ देतो."

ज्या माणसाच्या टेबलावर जाऊन वस्तू आपटायची, तोच ती मागायला दारात आला होता. इतके दिवस जपलेलं वाक्य एका क्षणात बाद झालं. 'ठेवून घ्या' म्हणायची सोय उरली नव्हती. कोणाच्या रागाखालून असा पाट कोणी काढून घेऊ नये.

"चुकून कशी आली?" त्यांनी विचारलं.

वडनेऱ्यांना बोलायची हौस होती. "अहो, थोरले साहेब, आपले जुने मालक. आजारी होते. शेवटी शेवटी कोणालाही काहीही देऊन टाकायचे. आम्ही निवृत्तांची नावं वाचून दाखवली, तर देवरे ऐकल्यावर उठून बसले. म्हणाले, तो माझाच माल माझ्यासमोर नापास करणारा? त्याला घड्याळ देऊ नका. कपाटातून स्वतः ही पेटी काढून दिली. म्हणाले, तो बघेल. आता भ्रमिष्ट माणसाचं काय धरून बसायचं? गेल्या महिन्यात गेलेच ते."

सावळीरामांनी गॅलरीतल्या यंत्राकडे पाहिलं. भिमाजींनीसुद्धा.

ही गोष्ट खरी होती. फार वर्षांपूर्वी थोरल्या साहेबांनी स्वतः उभं राहून एक घाईची खेप पाठवायला सांगितली होती आणि सावळीरामांनी ती त्यांच्यासमोर नापास केली होती. साहेब एक शब्द न बोलता निघून गेले होते. नोकरी जाणार म्हणून सावळीराम आठवडाभर झोपले नव्हते. पुढे काही झालं नाही, आणि त्यांना वाटलं, साहेब विसरले.

"हे तुम्ही माईकमधून का नाही सांगितलंत?" सावळीरामांनी विचारलं. आवाज इतका खाली होता, की ज्योत्स्नाबाई घाबरून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"कुठलं?"

"ते काय म्हणाले ते. तो बघेल. एवढे दोन शब्द."

"अहो, ते काय सांगण्यासारखं—"

"तुम्ही दुसरं काहीतरी सांगितलंत. लोक हसले. इकडे मी महिना-दोन महिने ही पेटी देणाऱ्याला मनात शिव्या देत होतो. आणि तो माणूस तिकडे अंथरुणावर होता. मी जाऊन भेटलो असतो. सांगितलं असतं, साहेब, चालतं यंत्र." आता आवाज वर चढायला लागला. "दोन शब्द बोलायला तुम्हले काय जाई राहिनं होतं?"

वडनेरे चपापले, पण मॅनेजर होते. त्यांनी विषय बदलण्यासाठी गॅलरीकडे हात केला. "चालतं म्हणता? वा. बघू तरी." आणि जाऊन नळीला डोळा लावला. "वा वा. काय सुंदर. अप्रतिम. हे काय म्हणायचं, कांदा?"

सावळीराम त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले. फळकुटावर काच नव्हती. खालचा आरसा जमिनीकडे तोंड करून होता.

"साहेब, खाली काहीच ठेवलेलं नाही," ते म्हणाले. "उजेडसुद्धा नाही."

वडनेऱ्यांनी डोळा काढला. त्यांच्या डोळ्याभोवती पितळेचा गोल उमटला होता. त्यांनी रुमाल काढला आणि मग मॅनेजरच्या आवाजात म्हणाले, की ठीक आहे, कंपनी रीतसर पत्र पाठवील.

आणि इथे भिमाजी गांगुर्डे बोलले. "पाठवा. पण सदर यंत्र वनखात्याच्या चौकशीत आहे. हस्तांतरास मनाई आहे. देवऱ्यांनी दिलं तर देवरे गुन्हेगार, तुम्ही घेतलं तर तुम्ही. धाकट्या साहेबांना हस्तिदंताच्या प्रकरणात सहआरोपी व्हायचं असेल, तर मी अर्जाचा मसुदा आत्ता करून देतो."

वडनेरे मिठाईचा पुडा घेऊनच परत गेले. सावळीरामांनी भिमाजींना दोन वेळा चहा पाजला आणि त्यांची एक सूचनाही मध्ये न तोडता ऐकून घेतली. ती गच्चीच्या टाकीच्या परवानगीबद्दल होती.

त्यानंतर दोन दिवस सावळीराम कोणावर ओरडले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि पेटी स्कूटरच्या पुढ्यात ठेवली.

"हे हस्तांतर नाही ना?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"ही वाहतूक आहे. भिमाजीरावांना विचारलंय."

गंगापूर रोडच्या बंगल्यावर थोरल्या साहेबांच्या पत्नी, माईसाहेब, व्हरांड्यात बसल्या होत्या. सावळीरामांनी नाव सांगितलं, हळहळ व्यक्त केली आणि जे साहेबांना सांगायचं राहिलं होतं ते सांगितलं, की यंत्र चालतं. मग ते म्हणाले, "दाखवू का?"

माईसाहेबांनी पेटीकडे पाहिलं. "त्यांचा फार जीव होता हिच्यावर. रविवारी हे मांडून बसायचे आणि मला हाक मारायचे. दिसलं का, विचारायचे." त्यांनी झाकणावरून हात फिरवला. "मी हो म्हणायचे. चाळीस वर्षं हो म्हणाले. मला काहीच दिसायचं नाही हो. पण त्यांचा चेहरा बघून नाही म्हणवत नसे."

एरवी असं काही ऐकलं असतं, तर सावळीरामांनी खोट्या तपासणीवर अर्धा तास घेतला असता. त्यांनी व्हरांड्याच्या कठड्यावर ऊन येत होतं तिथे यंत्र जोडलं, खिशातून कागदात गुंडाळलेला कांदा काढला, पापुद्रा सोडवून काचेवर पसरला आणि काच नळीच्या पोटाखाली सरकवली. माईसाहेबांसाठी खुर्ची ओढून घेतली. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला.

"दिसतं?"

"हो," त्या सवयीने म्हणाल्या. मग हसल्या. "नाही."

"नाही दिसलं तर नाहीच म्हणायचं," सावळीराम म्हणाले. त्यांनी खालचा आरसा बोटाने जरासा फिरवला. "आता?"

"नाही."

त्यांनी स्क्रू कणभर मागे घेतला. "आता?"

"नाही. तुम्हाला उगाच त्रास."

"मला वेळ आहे," ते म्हणाले आणि खाली वाकून उन्हाचा कवडसा पुन्हा धरू लागले. आरसा थोडा डावीकडे. थोडा वर. माईसाहेबांच्या गालावर प्रकाशाचा एक ठिपका हलला आणि नळीत नाहीसा झाला.

"थांबा," माईसाहेब म्हणाल्या. "आता हलवू नका."